इंग्लंडमधल्या गावातलं जुनं चर्च नक्की किती जुनं, हे भिंती बघून कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीसाठी लिंकनशायरमधल्या एका गावात राहायला गेलात, गावात दगडी चर्च आहे, दाराजवळच्या पाटीवर "बारावं शतक" लिहिलंय आणि आत ठेवलेल्या माहितीपत्रकात "मुख्यतः पंधरावं शतक". खिडक्या एकीसारखी दुसरी नाही, टॉवरच्या भिंतीवर उलट्या व्ही सारखी रेघ दिसते, उत्तरेच्या भिंतीत एक बुजवलेलं दार आहे, आणि आत भिंतीतून वर जाणारा एक जिना आहे जो कुठेच पोचत नाही. मग पाटी खरी की पत्रक?

दोन्ही खरं, आणि दोन्ही अर्धवट. मी इथे जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यात चर्चच सगळ्यात जास्त, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

मध्ययुगातलं गावचं चर्च एका वेळी एका आराखड्यावर बांधलेलं जवळपास कधीच सापडत नाही. आपल्याकडे जुन्या वाड्याचं होतं ना, पणजोबांनी पुढचा सोपा बांधला, आजोबांनी माडी चढवली, काकांनी मागे न्हाणीघर काढलं, तसंच, फक्त इथे हा प्रकार पाचसहाशे वर्षं चाललेला. म्हणून "चर्च कधीचं" हे विचारूच नका. "ही भिंत त्या भिंतीच्या आधीची का नंतरची" हे विचारा. आधी क्रम लावायचा, सालं नंतर. क्रम नीट लागला की सालं बऱ्यापैकी आपोआप जागेवर बसतात, उलटं केलं तर गोंधळ होतो.

हे शिकायला तुमच्या भागातलंच एक चर्च सगळ्यात भारी आहे, बार्टन-अपॉन-हंबरचं सेंट पीटर्स. हंबर ब्रिजच्या दक्षिण टोकाला, एक दिवस काढून जाऊन याच. टॉवर तीन टप्प्यांचा आहे. खालच्या दोन टप्प्यांवर दगडी पट्ट्यांची नक्षी आहे, उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या छोट्या कमानी, काही गोल आणि काही चक्क त्रिकोणी, लाकडी सांगाड्याचं घर दगडात उतरवल्यासारखं वाटतं. कोपऱ्याचे दगड एक उभा एक आडवा असे रचलेले. आणि सगळ्यात वरचा टप्पा, जिथे घंटा असतात, तो एकदम साधा, पट्ट्या गायब.

थॉमस रिकमन नावाचा माणूस होता, लिव्हरपूलला इन्शुरन्सच्या धंद्यात कारकुनी करायचा आणि सुट्टीत चर्च बघत हिंडायचा, नंतर स्वतःच शिकून आर्किटेक्ट झाला. अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही बांधणीच्या शैलींची जी नावं आज प्रत्येक चर्चच्या पत्रकात असतात ती त्यानेच १८१७ च्या पुस्तकात रूढ केली. त्याच्या आधी लोक कुठलीही गोल कमान दिसली की "सॅक्सन" म्हणून मोकळे व्हायचे, नॉर्मन काय नि सॅक्सन काय (सॅक्सन म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधीचं, नॉर्मन त्यानंतरचं), सगळं एकाच पोत्यात. रिकमनने बार्टनच्या टॉवरबद्दल जो विचार केला तो इतका सरळ आहे की आधी कुणाला सुचला कसा नाही याचंच आश्चर्य वाटतं: वरचा टप्पा सुरुवातीच्या नॉर्मन पद्धतीचा आहे, वरचा टप्पा खालच्यावर उभा आहे, म्हणजे खालचे टप्पे त्याच्या आधीचे, आणि त्यांची पद्धत वेगळी आहे, म्हणजे ते १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधीचे असायला हवेत. कुठलाही कागद नाही, शिलालेख नाही, फक्त काय कशावर बसलंय एवढंच.

पुढची गोष्ट जास्त मजेदार आहे. चर्च १९७० च्या दशकात वापरातून गेलं, आणि मग १९७८ ते १९८४ आत-बाहेर पद्धतशीर उत्खनन झालं. इतक्या मोठ्या प्रमाणात खणलेली गावची चर्चेस इंग्लंडमध्ये फार थोडी. सुमारे २,८०० माणसांचे सांगाडे निघाले, दहाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंतचे, आणि जमीन पाणथळ असल्यामुळे काही ठिकाणी सॅक्सन काळातल्या लाकडी शवपेट्यासुद्धा टिकलेल्या. आणि इमारतीबद्दल कळलं ते असं की तो टॉवर आधी टॉवर नव्हताच, म्हणजे दिसायला होता, पण तेच मुख्य चर्च होतं! लोक टॉवरच्या तळमजल्यावर उभे राहायचे, पश्चिमेला एक छोटी खोली, तिथे बाप्तिस्मा द्यायचे, ती अजून उभी आहे, आणि पूर्वेला तशीच एक छोटी खोली वेदीसाठी, ती पाडली गेली, तिचा पाया जमिनीखाली मिळाला. इसवी सन १००० च्या आसपासची ही सगळी रचना. मग अकराव्या शतकाच्या शेवटाला पूर्वेची खोली पाडून तिथे लांब हॉल काढला, टॉवरवर घंटेचा मजला चढवला, मग बाजूंना ओवऱ्या आल्या, म्हणजे खांबांच्या रांगेपलीकडचे लांबट भाग, त्या परत रुंद झाल्या, चौदाव्या शतकात नव्या खिडक्या, पंधराव्यात छताखाली उजेडासाठी वर खिडक्यांची रांग. आज आत उभं राहिलात तर मोठा हॉल म्हणजेच चर्च आणि टॉवर म्हणजे त्याचं शेपूट असं वाटतं, इतिहास बरोबर उलटा आहे.

आता तुमच्या चर्चकडे. तुम्ही दिलेल्या खुणांतली सगळ्यात कामाची म्हणजे ती उलटी व्ही. टॉवरच्या पूर्वेच्या भिंतीवर असणार, म्हणजे जिकडे हॉलचं छप्पर टेकतं तिकडे. ती जुन्या छपराची खूण आहे, छप्पर आणि भिंत यांच्या फटीतून पाणी आत जाऊ नये म्हणून तिथे पुढे आलेल्या दगडाची पट्टी किंवा खाच ठेवायचे. फक्त एक बघा, रेघ बाहेरून, आत्ताच्या छपराच्या वर दिसते, का आत उभं राहिल्यावर छपराखाली? बाहेर वर दिसत असेल तर जुनं छप्पर जास्त उभ्या उताराचं होतं, पेंढा नाहीतर लाकडी फळ्या-कौलांचं, आणि नंतर शिशाचे पत्रे घालून उतार कमी केला, शिसं जड असतं, उभ्या उतारावर हळूहळू खाली सरकतं, म्हणून पंधराव्या शतकात सपाटसर छपरं जास्त. आतून, छपराखाली दिसत असेल तर हॉलच्या भिंतीच उंच केल्या गेल्यात, आणि वरची खिडक्यांची रांग त्याच वेळची असणार. दोन्हीपैकी काहीही असलं तरी एक नक्की, टॉवर त्या जुन्या छपराच्या काळात उभा होता किंवा त्याच्यासोबत बांधला गेला. क्रमातला एक दुवा फुकटात मिळाला.

दुसरं, हॉल आणि ओवरी यांच्यामध्ये खांब आणि कमानींची रांग असेल तर वरच्या भिंतीकडे नीट बघा. नवखा माणूस म्हणणार खालचे खांब आधी, वरची भिंत नंतर, रिकमनचा नियमच ना. पण इथे तो नियम बऱ्याचदा फसतो! गावाला ओवरी वाढवायची असायची पण छप्पर उतरवणं परवडायचं नाही, मग गवंडी जुन्या सलग भिंतीला टेकू देऊन एकेक तुकडा भोक पाडून त्यात खांब आणि कमान बसवायचे आणि वरची भिंत तशीच अधांतरी ठेवायचे. म्हणजे खांब तेराव्या शतकातले आणि त्यांच्यावरची भिंत अकराव्या शतकातली. ओळखायची खूण म्हणजे कमानीच्या वर बुजवलेल्या लहान खिडकीचा अर्धा तुकडा, कमानीनं खालून कापलेला. अशी एक जरी सापडली तर समजा तुमच्या चर्चमधली सगळ्यात जुनी गोष्ट डोक्यावर होती. पाटीवरचं "बारावं शतक" बहुधा अशाच कशावरून तरी आलेलं असतं.

खिडक्यांबद्दल सगळे आधी विचारतात आणि मी शेवटी सांगतो, कारण खिडकी बदलणं सगळ्यात सोपं. ढोबळ क्रम असा: लहान गोल माथ्याच्या म्हणजे सॅक्सन किंवा नॉर्मन, उंच अरुंद टोकदार एकेकट्या किंवा तिघी एकत्र म्हणजे साधारण १२०० च्या आसपासपासून तेराव्या शतकभर, मग एकाच मोठ्या कमानीत दगडाच्या बारीक काड्यांची जाळी, आधी साधी वाय सारखी, मग १३२०-४० च्या सुमाराला जाळीदार, लाटांसारख्या वळणांची, आणि मग काड्या सरळ उभ्या थेट कमानीपर्यंत जाणाऱ्या, माथा चपटा होत गेलेला, ती पर्पेंडिक्युलर, १३५० नंतर ते १५४० पर्यंत, जवळजवळ दोनशे वर्षं एकच फॅशन, त्यामुळे ती बघून नक्की साल सांगणारा माणूस दिसला तर दोन हात लांब राहा. पर्पेंडिक्युलरची सुरुवात १३३० च्या दशकात ग्लॉस्टरला मोठ्या कामात झाली होती, गावोगाव पोचायला वेळ लागला. मध्ये १३४८-४९ ची प्लेगची साथ आली, गवंडी मेले, मजुरी वाढली, किती तरी अर्धवट कामं तशीच राहिली. हंबरच्या पलीकडे पॅट्रिंग्टन गावचं चर्च आहे, जवळजवळ सगळं प्लेगच्या आधीच्या, लाटांसारख्या वळणांच्या शैलीत, फक्त पूर्वेची मोठी खिडकी नंतरच्या सरळ काड्यांची. तिथे काम कुठे थांबलं आणि पुढच्यांनी कुठून उचललं ते नुसत्या डोळ्यांनी कळतं.

म्हणून खिडकीचं वय खिडकीपुरतं. भिंतीचं वय बघायला खिडकीच्या चौकटीच्या कडेला बघा, आजूबाजूचे दगड नीट जुळतात का कुणीतरी कापून घुसवल्यासारखे दिसतात. दोन भिंती मिळतात तिथे खालपासून वरपर्यंत सरळ उभी फट दिसली, दगड एकमेकांत अडकवलेले नसले, तर एक भिंत नंतर येऊन टेकलीय. सॅक्सन भिंती उंच आणि पातळ असतात, साधारण अडीच फूट, नॉर्मन बहुतेक जाड, अपवाद भरपूर. दगडावर टाक्याच्या तिरक्या रेघा असतील तर नॉर्मन काळातली कुऱ्हाड, कंगव्यासारखे बारीक समांतर दात उमटलेले असतील तर बाराव्या शतकाच्या शेवटानंतरची दातेरी छिन्नी. आणि कडा एकदम धारदार, सगळे दगड एका मापाचे, काल बसवल्यासारखे असतील तर ते व्हिक्टोरियन. संध्याकाळचं तिरकं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येतं तेव्हा फोटो काढा, दुपारी काहीच दिसत नाही.

आता खरा प्रश्न, इतके बदल का. उत्तर बऱ्याचदा पैसे कोण देणार यात असतं. मध्ययुगात नियम असा बसला की पूर्वेकडचा वेदीचा भाग म्हणजे चॅन्सल, त्याची दुरुस्ती रेक्टरने करायची, ज्याला गावचा दशमांश कर मिळायचा तो, आणि हॉल, म्हणजे नेव्ह, गावकऱ्यांनी सांभाळायचा. त्यामुळे एकाच इमारतीचे दोन मालक, दोन खिसे. रेक्टर म्हणजे अनेकदा लांबचा मठ, तो कर घेऊन जायचा आणि चॅन्सलवर कमीत कमी खर्च करायचा, आणि इकडे लोकरीवर श्रीमंत झालेलं गाव हॉल राजवाड्यासारखा करायचं. ठेंगणं काळोखं चॅन्सल आणि त्याला चिकटलेला प्रचंड उजेडाचा हॉल, हे दृश्य दिसलं की समजायचं रेक्टर कंजूष होता. उलटही असतं, श्रीमंत रेक्टर, गरीब गाव. हा नियम मेलेला नाही बरं का. सोळाव्या शतकात राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केल्यावर त्यांच्या जमिनी खासगी लोकांकडे गेल्या आणि जबाबदारीही जमिनीसोबत गेली, वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलोच्या चर्चचा खटला २००३ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि शेतजमिनीच्या मालकांना चॅन्सलच्या दुरुस्तीचा खर्च भरावा लागला, लाखांच्या घरात पौंड. इथे घर घेताना वकील "चॅन्सल सर्च" करायला लावतो आणि आपले लोक विचारतात हे काय नवीन, ते हेच.

चॅन्सल तेराव्या शतकात लांब झालेले दिसतात, १२१५ च्या लॅटरन परिषदेनंतर भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला आणखी महत्त्व आलं, पाद्री आणि वेदीला जास्त जागा, जास्त अंतर हवं झालं. मग ओवऱ्या वाढल्या त्या नुसत्या गर्दीमुळे नाहीत, संघटनांना आणि श्रीमंत घराण्यांना आपापल्या बाजूच्या वेद्या हव्या होत्या, मेल्यावर आपल्या आत्म्यासाठी तिथे रोज प्रार्थना व्हाव्यात म्हणून पैसे ठेवायचे. आणि पंधराव्या शतकात लोकर आणि कापड. तुमच्या जवळ बॉस्टनला जा, सेंट बॉटॉल्फचा टॉवर ८० मीटरच्या वर आहे, सपाट दलदलीच्या प्रदेशात मैलोन्मैल दिसतो, सगळा लोकरीच्या बंदराचा पैसा. लाउथला सेंट जेम्सचा सुळका १५१५ ला पूर्ण झाला, त्याचे हिशोब शिल्लक आहेत, तीनशे पौंडांच्या थोडं वर खर्च आला. आणि एकवीस वर्षांनी, १५३६ ला, त्याच चर्चमधून राजा आठव्या हेन्रीविरुद्ध बंड सुरू झालं. ज्या गावाने खिसा रिकामा करून सुळका बांधला त्याला आता राजाची माणसं चांदीची भांडी उचलून नेणार अशी अफवा ऐकल्यावर राग येणारच.

तिथून तुमच्या दुसऱ्या दोन कोड्यांकडे येतो. कुठेच न पोचणारा जिना: हॉल आणि चॅन्सलच्या मध्ये लाकडी नक्षीचा पडदा असायचा, त्यावर चालता येईल असा सज्जा आणि वर मोठा क्रूस, बाजूला मेरी आणि योहानाच्या मूर्ती. सज्ज्यावर मेणबत्त्या लावायला जिना. सहाव्या एडवर्डच्या काळात, १५४७-४८ ला, मूर्ती उतरवल्या, कॅथलिक मेरी राणी आली तेव्हा परत लावल्या, एलिझाबेथ आली तेव्हा परत काढल्या आणि १५६१ ला सज्जेसुद्धा उतरवायचा हुकूम निघाला. लाकूड गेलं, भिंतीतला जिना कोण खणून काढणार, तो राहिला. वरचं दार हवेत उघडतं तिथे सज्जा होता, त्याच उंचीवर समोरच्या भिंतीत तुळईची खाच शोधा, बहुतेक सापडेल.

उत्तरेचं बुजवलेलं दार: पत्रकात "सैतानाचं दार" लिहिलेलं असेल, बाप्तिस्म्याच्या वेळी सैतान बाहेर जावा म्हणून उघडं ठेवायचे वगैरे. ऐकायला छान आहे पण मला पटत नाही. जुन्या विधींमध्ये चर्चभोवती मिरवणूक निघायची, एका दाराने बाहेर, दुसऱ्याने आत. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं झालं, त्यानंतर मिरवणुका बंद पडल्या, मग उत्तरेचा गार वारा आत घेणारं दार कशाला उघडं ठेवायचं, बुजवलं. दाराची कमान मात्र बघा, गोल आणि नागमोडी नक्षीची असेल तर पाटीवरचं बारावं शतक तिथूनही आलेलं असू शकतं.

एवढं सगळं लावून झालं की मग एकोणिसाव्या शतकाचा अडथळा. व्हिक्टोरियन लोकांना मध्ययुगाचं प्रचंड वेड आणि स्वतःवर प्रचंड विश्वास. १८३९ ला केंब्रिजमध्ये एक सोसायटी निघाली, तिच्या मते १३०० च्या आसपासची शैली हीच खरी ख्रिश्चन शैली, मग पंधराव्या शतकातल्या खऱ्या खिडक्या काढून तेराव्या शतकासारख्या नव्या बसवायच्या, आतलं चुन्याचं प्लास्टर खरवडून दगड उघडे करायचे, ज्यावर कदाचित चित्रं होती. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने अशी शेकडो चर्चेस "दुरुस्त" केली. हे सगळं बघून विल्यम मॉरिसने १८७७ ला जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली, आज आम्ही जे काम करतो त्याची तत्त्वं तिथूनच येतात: जुनं आहे ते धरून ठेवा, नवं घालाल ते प्रामाणिकपणे नवं दिसू द्या. हाच स्कॉट मुंबईकरांना रोज दिसतो, युनिव्हर्सिटीचा हॉल आणि राजाबाई टॉवर त्याचे, लंडनमध्ये बसून काढलेले, भारतात एकदाही न येता. कुलाब्याचं अफगाण चर्चही त्याच काळातलं, १८५८ चं, तेराव्या शतकाच्या इंग्लिश शैलीत. मुंबईत गॉथिक बघून वाढलेल्या आपल्या लोकांची इथे गल्लत होते ती यामुळेच, तिथे शैली बघून साल सांगता येतं कारण इमारत एका दमात उभी राहिलीय, इथे ती शैली त्या एका खिडकीपुरती.

कागदांचं विचाराल तर लिंकनला काउंटीचं अभिलेखागार आहे, तिथे दोन गोष्टी मागा. एक म्हणजे गावातल्या लोकांची जुनी मृत्युपत्रं, "टॉवरच्या बांधकामासाठी इतके शिलिंग" असं वाक्य सापडलं तर टॉवर त्या साली चालू होता, यापेक्षा चांगला पुरावा दगडात मिळत नाही. दुसरं, एकोणिसाव्या शतकातल्या बदलांच्या परवानग्या, त्यांना फॅकल्टी म्हणतात, सोबत बऱ्याचदा बदलाच्या आधीचा नकाशा असतो, कुठल्या खिडक्या खोट्या ते एका तासात कळतं. छपराच्या तुळया मूळच्या असतील तर झाडाच्या वलयांवरून लाकूड कुठल्या साली तोडलं ते काढता येतं, पण त्यासाठी भोक पाडावं लागतं आणि ती परवानगी चर्चकडून रीतसर घ्यावी लागते, स्वतः काही खरवडू नका, सिमेंट तर अजिबात कुठे लावू नका, चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरलं की पाणी अडकतं आणि थंडीत दगडाचे पापुद्रे निघतात.

चर्चवॉर्डनला, म्हणजे चर्चची देखभाल बघायला निवडलेल्या गावकऱ्याला, भेटून दर पाच वर्षांनी होणाऱ्या आर्किटेक्टच्या पाहणीचा अहवाल वाचायला मागा, बहुतेक जण खुश होऊन देतात कारण तो कुणीच वाचत नाही. त्यासोबत कागदावर चर्चचा साधा आराखडा काढा, प्रत्येक भिंतीची जाडी टेपने मोजून लिहा, सरळ फटी लाल पेनने. आणि ती उलटी व्ही आत आहे का बाहेर, ते कळवा.